ते दगड उकळू नका, ताई

न्यू जर्सीहून एका वाचक ताईंचं सविस्तर पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा:

लॉकडाऊनच्या काळात त्यांच्या मुलाने बाबांच्या मदतीने घरात ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८० लिटरचा, खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे मासे आणि प्रवाळ ठेवायचा टँक, उभारला. या ऑगस्टमध्ये तो दुसऱ्या राज्यात कॉलेजला गेला आणि टँक आईच्या हाती आला. टँकमध्ये क्लाउनफिशची जोडी, सिक्सलाइन रॅस नावाचा एक मासा, थोडे कोरल (प्रवाळ) आणि दोन-तीन दगडांवर पसरलेले झोअँथिड, म्हणजे कोरलसारखे झुपक्याने वाढणारे छोटे प्राणी, आहेत. मुलाचे मासे उपाशी राहू नयेत म्हणून त्या दिवसातून तीन वेळा खाणं घालतात. दसऱ्याच्या सुमारास एका दगडाच्या खाचेत दोन तपकिरी, काचेसारखी फुलं दिसली. काहीतरी सुंदर उगवतंय असं वाटून त्यांनी ती राहू दिली. दिवाळीपर्यंत ती चाळीसच्या घरात गेली आणि शेजारचं एक कोरल मिटून बसलं. सुरीने खरवडून काढली, तर आठवड्याभरात त्याच जागी आणखी जास्त उगवली. यजमान त्यांना रक्तबीज म्हणतात आणि टँक विकून टाकू या असं सुचवतात. दुकानदाराने कॉपरबँड बटरफ्लायफिश घ्यायला सांगितलंय. एका मैत्रिणीच्या यजमानांचा सल्ला असा, की सगळे दगड बाहेर काढून मोठ्या पातेल्यात उकळा आणि ब्रशने घासा, एका शनिवारी काम संपेल. डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा घरी येतोय आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही. ताई लिहितात, ‘माझ्या हलगर्जीपणामुळे त्याच्या टँकची वाट लागली. तो यायच्या आत सगळं पहिल्यासारखं करायचंय. दगड उकळायला घेऊ का?’

प्रिय ताई,

नाही. दगड उकळू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल, पण शनिवारी ते पातेलं गॅसवर चढायला नको, म्हणून हे सगळ्यांत आधी सांगते.

कारण तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या दगडांवर झोअँथिड आहेत. झोअँथिड, आणि विशेषतः त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ, यांच्यातल्या काही जातींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईतल्या एका पॅलिथोआमधून ते वेगळं काढल्याचं १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. माहीत असलेल्या सर्वांत जहाल नैसर्गिक विषांमध्ये त्याची गणना होते. कुठल्या झोअँथिडमध्ये ते आहे आणि कुठल्यात नाही, हे नुसतं रंगरूप बघून ओळखता येत नाही. टँकमध्ये आपल्या जागी असताना त्यांचा सहसा त्रास होत नाही. पण दगड उकळला, त्यावर उकळतं पाणी ओतलं किंवा बाहेर काढून ब्रशने घासला, की ते विष वाफेतून आणि बारीक तुषारांतून हवेत जातं. उकळल्याने ते नाहीसं होत नाही. मग ताप, थंडी, खोकला, धाप, अंगदुखी असं सुरू होतं. घासणाऱ्या माणसाबरोबर घरातल्या इतरांना आणि कुत्र्या-मांजरांनाही बाधा होऊ शकते. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये अलास्कातल्या अशा संशयित घटनांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यात अक्वेरियमची दुकानं होती आणि राहती घरंही होती.

म्हणून आतापासून टँकमध्ये हात घालताना कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच. हाताला कापलेलं, खरचटलेलं असेल तर त्या दिवशी काम नको. मोजे असले तरी नंतर हात साबणाने धुवा. कधी टँकचं काम केल्यावर अचानक ताप भरला, छाती भरून आली किंवा डोळे चुरचुरायला लागले, तर सगळ्यांनी मोकळ्या हवेत जा आणि पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. हा क्रमांक अमेरिकेत चोवीस तास चालतो. श्वास लागत असेल तर थेट ९११. आणि डॉक्टरांना ‘घरात झोअँथिडचा टँक आहे’ हे आवर्जून सांगा. आपण सांगितलं नाही तर त्यांच्या मनात फ्लू येईल, हे विष येणार नाही.

मैत्रिणीच्या यजमानांचा हेतू चांगलाच असणार. त्यांनी कोऱ्या, काहीच न उगवलेल्या दगडांबद्दल कुठेतरी ऐकलं असेल. पण विषाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तुमच्या टँकला हा उपाय लागू पडत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि त्याला आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू प्रामुख्याने या दगडांच्या छिद्रांत राहतात. दगड उकळले की ते मरतात. रविवारी टँक लख्ख दिसेल आणि पुढच्या चार-सहा दिवसांत अमोनियाने मासे तडफडतील. मुलगा यायच्या आधी हे व्हायला नको.

आता तुम्ही स्वतःवर जो ठपका ठेवला आहे, त्याबद्दल.

तुमच्या वर्णनावरून हा एप्टेशिया वाटतो, म्हणजे तणासारखा पसरणारा एक सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी. काचेसारखं अंग, उंच देठ, लांब निमुळते पाय (तोंडाभोवतीचे तंतू) आणि सावली पडताच झटकन बिळात शिरणं, ही त्याची ओळख. तो अस्वच्छतेतून उगवत नाही. तो दगडाच्या तुकड्यावरून, कोरलच्या फ्रॅगच्या, म्हणजे लावायला आणलेल्या तुकड्याच्या, बुडख्यावरून, एखाद्या गोगलगायीच्या शंखावरून येतो. डोळ्यांना न दिसणारा कण एखाद्या भोकात महिनोन्‌महिने राहू शकतो. ऑगस्टपासून तुम्ही टँकमध्ये नवीन काहीही आणलेलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तो तुमच्या हाती टँक यायच्या आधीच आत होता. तुमच्या मुलाचाही यात दोष नाही. रीफ टँक ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी तो कधी ना कधी येतोच.

तीन वेळच्या खाण्याचा मात्र परिणाम झालाय, तो लपवून उपयोग नाही. माशांनी सोडलेला प्रत्येक कण एप्टेशिया पकडतो आणि पोसला की वेगाने वाढतो. तुमच्या तीन माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकं खाणं पुरे. गोठवलेलं मायसिस किंवा ब्राइन श्रिंप, म्हणजे बारीक कोळंबीसारखं खाणं, घालत असाल तर ते गाळणीत वितळवून, वरचं पाणी फेकून मगच घाला. मासे काचेपाशी येऊन मागतील. त्यांच्या मागण्यावर भुकेचा अंदाज बांधायचा नाही. आईच्या मनाला हे जड जाईल, याची मला कल्पना आहे. पण हा बदल सावकाश करा. नायट्रेट आणि फॉस्फेट एकदम शून्यावर आले तर कोरलचे हाल होतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा चिकट तपकिरी थर पसरण्याची भीती असते. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यांच्या आसपास राहिलं तर तेवढ्यावर समाधान माना.

आणि नुसतं उपाशी ठेवून एप्टेशिया संपेल, असंही समजू नका. कोरलप्रमाणेच त्याच्याही पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडात अन्न तयार करून त्याला देतं. दिवे बंद करून त्याला मारायला जाल तर आधी कोरल जातील. ज्या चिवटपणाने तुम्हाला रडवलंय, त्याच चिवटपणामुळे प्रयोगशाळांना तो हवाहवासा वाटतो. कोरल आणि शैवाल यांची जोडी कशी जमते, उष्णता वाढली की ती का तुटते, कोरल पांढरे का पडतात, हे समजून घ्यायला जगभर एप्टेशिया पाळला जातो. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याच्याबद्दल तुमच्या मनात राग आहे, तो समजण्यासारखा आहे. पण तो जगतो कसा हे कळलं की उपायही नीट सुचतात, म्हणून हे सांगितलं.

यजमानांनी दिलेलं नाव अगदी नेमकं आहे. एप्टेशिया सरकताना त्याच्या तळव्याचे बारीक तुकडे मागे राहतात आणि प्रत्येक तुकड्याला पाय फुटून नवा एप्टेशिया होतो. सुरीने खरवडताना तुम्ही हेच काम त्याच्यासाठी केलंत. शिवाय छेडलं की तो आतून पांढरे, डंख मारणारे धागे बाहेर टाकतो. शेजारचं कोरल मिटलं ते बहुधा त्याच्या डंखामुळेच. म्हणून यापुढे कापणं, चिमटीत धरून ओढणं, टोचून फाडणं सगळं बंद.

तुमची मुख्य अडचण मला वेगळीच वाटते. ‘सगळं पहिल्यासारखं’ करायचं, तेही डिसेंबरच्या आत आणि मुलाला न कळता, असं तुम्ही ठरवून टाकलंय. या अटी घातल्यामुळेच तुम्ही पातेल्यापर्यंत पोहोचलात. चांगल्या, जुन्या रीफ टँकमध्येही कोपऱ्यात दोन-चार एप्टेशिया असतात आणि कोरल त्यांच्याबरोबर सुखाने वाढतात. एकही शिल्लक नको असा हट्ट धरला की माणूस धोक्याचे उपाय करू लागतो. त्यांची संख्या काबूत हवी आणि कोरलजवळ एकही नको, एवढं ध्येय ठेवलं तर ते तुमच्या आवाक्यात आहे. महिन्याभरात फरक दिसेल. पुढेही अधूनमधून लक्ष ठेवावं लागेल.

मग करायचं काय?

आधी खात्री. पाय आखूड, टोकाशी फुगीर आणि हिरवट असतील तर तो मजानो, म्हणजे दुसऱ्या जातीचा सी अ‍ॅनिमोन, असेल. खाली सांगितलेला चुन्याचा उपाय त्यालाही चालतो, पण तिथलेच एप्टेशिया खाणारे प्राणी त्याला बहुतेक तोंड लावत नाहीत. नळीत राहणारा पिसाऱ्याचा किडाही सावली पडली की असाच आत शिरतो आणि बिचारा नाहक मारला जातो. त्याचा पिसारा पंख्यासारखा असतो आणि खाली नळी दिसते. शंका असेल तर फोटो मुलाला पाठवा.

मोठ्या, सहज हाती लागणाऱ्या एप्टेशियासाठी माझी पहिली पसंती चुन्याला आहे. रीफवाले ज्याला काल्कवासर म्हणतात ते म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपला चुनाच. इंडियन स्टोअरमधली पानाच्या चुन्याची डबी मात्र आणू नका, त्यात वास किंवा आणखी काही मिसळलेलं असू शकतं. अक्वेरियमसाठीचं काल्क किंवा लोणच्यांसाठी मिळणारं पिकलिंग लाइम घ्या, आणि घटकांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडशिवाय दुसरं काही नाही हे वाचून घ्या. आरओच्या पाण्यात ते दह्याइतकं दाट कालवा. हा चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, तेव्हा मोजे आणि गॉगल इथेही हवेत.

सगळे पंप बंद करा. पाणी स्थिर झालं की बोथट तोंडाच्या सिरिंजने चुना हळूच त्याच्या मधल्या तोंडावर सोडा. घाईने गेलात तर तो आत पळेल आणि मेहनत वाया जाईल. आधी मायसिसचा एक कण दिला की तो पाय पसरून तोंड उघडतो, त्याच वेळी चुना द्यावा. तो मिटला की त्याच्या भोकावरही थोडा लिंपा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरलवर सांडलेलं सिरिंजने परत ओढून घ्या आणि मग पंप सुरू करा. चालू करायला विसरू नका, फोनवर गजर लावा. पंप फार वेळ बंद राहिले तर प्राणवायू कमी पडतो.

एका वेळी पाच-सहाच. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो, आणि चाळीसच्या चाळीस एका दिवशी मारायला गेलात तर कुजलेलं मांस आणि चढलेला पीएच मिळून टँक आजारी पडेल. पीएच ८.५ च्या वर जाऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांनी पुढची फेरी. आधी कोरलच्या जवळचे घ्या, मग सर्वांत मोठे. झोअँथिडच्या मधोमध बसलेल्यांना मात्र हात लावू नका. तिथे सिरिंज टोचायची नाही, काही उकरायचं नाही.

बाजारात याच कामाची तयार औषधंही मिळतात. कालवायची कटकट नको असेल तर ती वापरा, पद्धत तीच. लिंबाचा रस, व्हिनेगर याने काही मरतात, काही नाही. लेझर घेऊन बसणारे लोक आहेत. पाण्यातून आणि काचेवरून परतलेला किरण डोळा घालवू शकतो, त्यामुळे घरात तो नको.

आता प्राण्यांची मदत. बारीक, हाताला न लागणाऱ्या एप्टेशियासाठी ती लागणारच, कारण ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टँकमधलं वरचं पाणी बाहेर नेणाऱ्या, पेटीत आणि दगडांच्या पोटात सिरिंज पोहोचत नाही.

दुकानदाराने सुचवलेला कॉपरबँड दिसायला देखणा आहे आणि पुष्कळदा एप्टेशिया खातोही. पण तो वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, ७५ गॅलन त्याला अपुरे आहेत, आणि घरी आल्यावर खाणंच न घेतल्यामुळे बरेच कॉपरबँड मरतात. चाळीस एप्टेशियासाठी समुद्रातून पकडलेला जीव आणायचा आणि ते संपल्यावर त्याला काय घालायचं या विवंचनेत पडायचं, हे मला पटत नाही. एप्टेशिया खाणारा फाइलफिशही मिळतो. तो त्या मानाने काटक आहे, पण काही फाइलफिश कोरलही टोचून खातात.

बर्गिया ही नखाएवढी सागरी गोगलगाय मला सगळ्यांत आवडते. ती एप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही. रात्री निघते, भोकांत शिरते, आणि खाल्लेल्या एप्टेशियाचे डंख पचवून न टाकता आपल्या पाठीवरच्या केसांत साठवून स्वतःच्या रक्षणासाठी वापरते. टँकमध्येच अंडी घालून वाढते. अमेरिकेत घरगुती पातळीवर तिची पैदास करून विकणारे आहेत, म्हणजे समुद्रावरही बोजा नाही. पण तुमच्या टँकमध्ये सिक्सलाइन रॅस आहे. तो दिवसभर दगडांतले किडे-गोगलगायी हुडकत फिरतो. महागाच्या बर्गिया आणून सोडायच्या आणि त्याने त्या टिपायच्या, असं होण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय बर्गियाचं काम सावकाश चालतं. डिसेंबरच्या आत त्यातून काही दिसणार नाही.

राहिला पेपरमिंट श्रिंप, ही एक छोटी कोळंबी. चार-पाच आणून, रात्री दिवे गेल्यावर सोडले, तर बारीक एप्टेशिया ते खातात. मोठ्यांना घाबरतात, म्हणून मोठे चुन्याने आणि बारीक यांच्याकडे, अशी वाटणी करावी. सगळेच पेपरमिंट एप्टेशिया खातात असं नाही. पोट भरलेलं असेल तर मुळीच बघत नाहीत. माशांचं खाणं कमी करायला सांगितलं, त्याचा इथेही फायदा होतो. घेताना नीट पाहा, दिसायला साधारण तसाच असणारा कॅमल श्रिंप पेपरमिंट म्हणून गळ्यात मारला जातो. त्याच्या पाठीला ठळक कुबड असतं, अंगावर जाड पांढरे पट्टे असतात, आणि तो तुमचे झोअँथिडच खाईल. पेपरमिंटच्या अंगावर बारीक, लांबट लाल रेषा असतात.

एक मात्र लक्षात घ्या. पेपरमिंट बर्गियाला खाऊ शकतो, त्यामुळे दोन्ही एकत्र चालत नाहीत. पेपरमिंट आणलेत की बर्गियाची वाट जवळपास बंद होते, कारण दगडांतून श्रिंप परत पकडणं फार कठीण असतं. तुमच्या जागी मी चुना आणि पेपरमिंट निवडेन. रॅस दुसऱ्याला देऊन टाकायचा आणि बर्गिया आणायच्या, असं मुलाच्या मनात असेल तर मात्र श्रिंप विकत घेऊ नका आणि तोवर नुसत्या चुन्यावर भागवा.

म्हणजे विषय मुलापर्यंत आलाच. त्याला याच आठवड्यात सांगा. तो रॅस त्याचा आहे, कुठल्या दगडावर कोणते झोअँथिड आहेत आणि ते कुठून आणले हे त्याला पाठ असणार. व्हिडिओ कॉलवर टँकसमोर फोन धरून त्याला एकेक एप्टेशिया दाखवा आणि आधी कुठला घ्यायचा ते त्याला ठरवू द्या. घरापासून लांब गेलेल्या मुलाला आपला टँक आईने गुपचूप दुरुस्त करून ठेवल्यापेक्षा आपल्याला विचारून केलेलं काम जास्त आवडेल, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही सांगायला घाबरताय ते त्याच्या रागाला, की आपल्याला हे जमलं नाही असं कबूल करायला? दुसरं असेल तर पुन्हा सांगते, तुम्ही टँक हाती घेतलात तेव्हा एप्टेशिया त्यात होता.

यजमानांचा विकून टाकण्याचा विचारही उडवून लावू नका. रीफ टँक हे रोजचं काम आहे. पाणी बदलायचं, खारटपणा मोजायचा, काच पुसायची. तुम्हाला ते मनापासून करावंसं वाटत असेल तर जरूर करा, पण मुलावरच्या प्रेमापोटी ओझं वाहत असाल तर तिघांनी बसून बोला. टँक कुणाला दिलात तर एप्टेशिया आहे हे आधी सांगून द्या. आणि काहीही झालं तरी त्यातला एकही जीव किंवा दगड किनाऱ्यावर, खाडीत सोडू नका. कुणीतरी हौसेने पाळलेले लायनफिश फ्लोरिडाच्या समुद्रात सुटले आणि आज ते कॅरिबियनभर पसरून तिथल्या माशांचा फडशा पाडताहेत.

हे वाचणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या, गोव्यातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. भारतात दगडी कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून कोरल, कोरलचे दगड उचलणं गुन्हा आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कुणी विकायला आणला तरी घेऊ नका. कृत्रिम, कोरडे दगड वापरून नुसत्या माशांचा खाऱ्या पाण्याचा टँकही सुंदर दिसतो. एप्टेशिया तिथेही येऊ शकतो, आणि चुन्याची रीत तिथेही तशीच चालते.

ताई, शेवटी डिसेंबरचं. मुलगा येताना मित्राकडून एखादं नवं फ्रॅग घेऊन येण्याची दाट शक्यता आहे. ते थेट टँकमध्ये जाऊ देऊ नका. आयोडीनच्या किंवा इतर औषधी पाण्यात बुडवून काढल्याने किडे मरतात, एप्टेशिया मरेलच असं नाही. फ्रॅग ज्या बुडख्यावर चिकटवलेला असतो तो काढून टाका आणि कोरल नव्या बुडख्यावर लावा. झोअँथिड असेल तर मात्र काही कापू नका, तसाच ठेवा. मग ते पाच-सहा आठवडे वेगळ्या लहान टाकीत, उजेडाखाली. जुनी दहा गॅलनची टाकी, एक हीटर, एक छोटा पंप आणि एक साधा दिवा पुरतो. बारीक एप्टेशिया असेल तर तेवढ्या वेळात डोळ्यांना दिसण्याइतका वाढतो. त्या टाकीची जागा आत्ताच ठरवून ठेवा. फ्रॅग हातात घेऊन जागा शोधायला लागलं की तो पहिल्याच रात्री मोठ्या टँकमध्ये जातो.